वही कोरी आहे, मग वर्गात चाललंय काय?

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की पालकांच्या प्रश्नांचा सूर बदलतो. जूनमध्ये दारातच रडणारं मूल आता वर्गात रमलेलं असतं, मग काळजी अभ्यासाची सुरू होते. नाशिक आणि आसपासहून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी मोठ्या गटात आहे. डिसेंबर आला तरी तिच्या वहीची बरीच पानं कोरी आहेत. शेजारचा मुलगा दुसऱ्या शाळेत जातो, तो शंभरपर्यंत अंक लिहितो, बाराखडीही लिहितो. आमच्याकडे नुसती गाणी आणि खेळच चालतात का? (एक आई, सिडको)

तुमची घालमेल समजते, पण वही चाळून बालवर्ग कळत नाही. पाच वर्षांच्या मुलांचं शिकणं बहुतेक कानांत, बोलण्यात आणि बोटांत असतं.

आधी कानांचं सांगते. या दिवसांत मोठ्या गटात शब्दांचे तुकडे पाडणं चाललेलं असतं. 'बटाटा' म्हणताना तीन टाळ्या, 'कांदा' म्हणताना दोन. मग 'म'ने सुरू होणाऱ्या वस्तू वर्गात शोधायच्या. बघणाऱ्याला हा खेळ वाटतो, पण वाचन उभं राहतं ते यावरच. शब्दातले आवाज ज्याला सुटे ऐकू येत नाहीत, ते मूल अक्षरं पाठ करतं आणि वाचताना मात्र अडखळतं. म्हणून चांगल्या वर्गात अक्षरं 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत ओळीने घेत नाहीत. घ, र, न, ळ, म, ग एवढी सहा आली की घर, नळ, मग, गरम, नरम हे शब्द मूल स्वतः वाचतं. आपण वाचलं, हे त्याला कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा एकदा वर्गात येऊन बघाच. काना त्यानंतर.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पाच ते सहा वयाच्या बालवाटिकेसाठी अपेक्षा दिल्या आहेत. अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणं, १० पर्यंतचे अंक ओळखून वाचणं आणि वस्तू किंवा घटना क्रमाने लावणं. तेही वर्षाच्या शेवटी. शंभरपर्यंतचं लेखन त्यात नाही.

आता हात. मनगटाची हाडं या वयात पूर्ण तयार झालेली नसतात. अशा हाताकडून पानंच्या पानं लिहून घेतली तर पेन्सिल मुठीत आवळली जाते आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. म्हणून शाडू मळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं. मग उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा आणि अर्धगोल. निफाडचा पारा एक आकडी झाला की मुलं स्वेटर घालून येतात, तेव्हा बटणं ज्याची त्यानेच लावायची हाही आमचा पाठच असतो. घरी सध्या मटार येत असतील. सोलायला तिला बसवा. शेंग दाबून उघडणं, दाणे सुटे करणं, कुठल्या शेंगेत जास्त ते बघणं, एका वाटीभर मटारात बोटांचा आणि गणिताचा दोन्ही अभ्यास होतो.

शिवाय परिसराचे विषय असतात. हिवाळ्यात आम्ही पक्षी घेतो, कारण नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळ अभयारण्यात तेव्हा पाहुणे पक्षी उतरलेले असतात. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं. लांब चोचीचे एका बाजूला, आखूड चोचीचे दुसऱ्या. पाण्यात चालणारे वेगळे, पोहणारे वेगळे. चित्रांचे असे गट पाडताना मुलं भांडतातसुद्धा, आणि भांडताना कारणं देतात. मला ती कारणं भरलेल्या पानापेक्षा मोलाची वाटतात.

शाळेला मात्र जरूर विचारा : रोज गोष्ट सांगता का? गोष्टीनंतर मुलं बोलतात की बाईच बोलतात? गोष्ट होतच नसेल किंवा बाईच बोलत असतील, तर कोऱ्या वहीची काळजी योग्य आहे.

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. ३ काढायला सांगितला तर ६ काढतो, इंग्रजी अक्षरंही उलटी काढतो. शिकण्याची काही अडचण तर नसेल? (एक वडील, देवळाली कॅम्प)

या वयात हे नेहमीचं आहे. पेला कुठल्याही बाजूला वळवला तरी पेलाच राहतो, हे मूल जन्मापासून बघत आलेलं असतं. तोंड फिरवलं की नाव बदलतं असं पहिल्यांदा अंक-अक्षरांत घडतं, आणि ३ नि ६ तर जवळजवळ एकमेकांचे आरसेच. साधारण सात वर्षांपर्यंत हे आपोआप निवळतं. 'चूक' म्हणून खोडून पुन्हा वीस वेळा लिहायला लावू नका. त्याचं बोट धरून रव्यात किंवा हवेत मोठा ३ काढा, सुरुवात कुठून ते तोंडाने बोला.

पाठमोरा असताना हाक ऐकू येत नाही, चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघतो, बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं कळत नाही, असं काही असेल तर मात्र थांबू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या.

प्रश्न : नात शंभरपर्यंत घडाघडा म्हणते, पण 'पाच बिस्किटं दे' म्हटलं की मूठभर उचलून देते. असं का? (एक आजोबा, ओझर)

आजोबा, तुम्ही नेमकं टिपलंत. आकडे म्हणणं हे गाण्यासारखं पाठ होतं. मोजताना मात्र एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही वस्तू सोडायची नाही आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण, एवढं सगळं एकदम सांभाळावं लागतं. वर्षाच्या मध्यावर वर्गात हेच घट्ट करतात, तेही दहाच्या आत.

महागडी साधनं नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला दगड, बिया, पानं यांतूनच बालवाडी उभी केली. तुम्ही चिंचोके घ्या. तिला जेवायची ताटं मांडायला सांगा, आपण किती जण, किती वाट्या लागतील, एक कमी पडली तर? फाशावरचे ठिपके न मोजता ओळखता येतात का बघा. सापशिडी खेळा आणि घरं तिलाच मोजू द्या, चुकली तरी. द्राक्षं आली की तीही मोजायला छान. पण खायला देताना उभी चिरून द्या, अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं.

प्रश्न : आम्ही मूळचे सटाण्याचे, घरी सासूबाई आणि मुलगा अहिराणीतच बोलतात. शाळा इंग्रजी माध्यमाची. तो वर्गात फार बोलत नाही. शाळेने घरी इंग्रजीच बोला असं सांगितलंय. (एक आई, पंचवटी)

सासूबाईंची अहिराणी थांबवू नका. नव्या भाषेत मूल आधी बरेच दिवस नुसतं ऐकतं, मग बोलतं. ते गप्प असलं तरी शिकत असतं. घरी तो लांबलचक हकिकत सांगतो का, भांडताना बाजू मांडतो का, हे बघा. सांगत असेल तर त्याची भाषा उत्तम वाढते आहे, आणि त्याच बळावर इंग्रजी येईल. आपल्यालाच अवघड जाणाऱ्या इंग्रजीत घरी बोलायला लागलो, तर त्याच्याशी बोलणं 'कम, सिट, ईट' एवढंच उरतं. आजीची गोष्ट बंद झाल्याचं नुकसान कुठलीही शाळा भरून देत नाही. बाईंना भेटून सांगा की तो घरी भरभरून बोलतो; वर्गात त्याला चित्र दाखवून, खुणेने उत्तर द्यायची मुभा द्या.

घरीही तो गप्पच असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलगा नोव्हेंबरचा. येत्या जूनमध्ये पहिलीत घालू का? मुलाखतीसाठी क्लास लावावा का? (एक आई, इंदिरानगर)

आपल्या राज्यात प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो, म्हणजे नियमात बसेल. पण बसतो म्हणून घालायलाच हवा असं नाही. गोष्ट संपेपर्यंत तो ऐकतो का, शी-शू स्वतः सांभाळतो का, डबा उघडून खातो का, अडलं तर बाईंना सांगतो का, हे आताच्या बाईंना विचारा. यातलं बरंचसं जमत नसेल, तर आणखी एक वर्ष मोठ्या गटात घालवल्याने काहीही बिघडत नाही.

क्लास लावू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेणं हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेने मुलाची परीक्षा मागितली तर तसं लेखी मागा.