शंका-समाधान : इंग्रजी प्रबंधात क्रियापद ठेवावे की त्याचे नाम करावे?

प्रश्न : मी मराठी माध्यमात शिकले, आता प्रबंध इंग्रजीत लिहिते आहे. मार्गदर्शक म्हणतात, क्रियापदांची नामे करा, भाषा औपचारिक होईल. तसे केले तर दुसऱ्या परीक्षकांचा शेरा आला, ‘वाक्ये जड आहेत.’ कोणाचे ऐकू?

उत्तर : दोघांचेही ऐका, मात्र वेगवेगळ्या ठिकाणी. मागच्या वाक्यात सांगितलेली घटना पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला उचलून घ्यायची असेल, तिथे नाम हवेच. ‘द रिव्हर रोझ रॅपिडली इन जुलै.’ पुढचे वाक्य : ‘धिस रॅपिड राइझ डॅमेज्ड द क्रॉप्स.’ पाणी वाढल्याची गोष्ट वाचकाला आता ठाऊक आहे, म्हणून ती नामात बांधून कर्त्याच्या जागी बसवली आणि ‘डॅमेज्ड’ने नवी माहिती दिली. नुसते ‘धिस’ लिहिले असते तर ते नदीला लागू की वाढीला, हा गोंधळ उरला असता.

वाक्याची मुख्य क्रियाच नामात गेली की मात्र वाक्य जड होते. ‘वी मेड ॲन असेसमेंट ऑफ द सॉइल सॅम्पल्स’ हे 8 शब्द. ‘वी असेस्ड द सॉइल सॅम्पल्स’ हे 5. अर्थ तोच. आपण मराठीत परीक्षण करतो, चर्चा करतो, निर्णय घेतो. नामाला ‘करणे’ किंवा ‘घेणे’ जोडण्याची ही चाल मराठीत अगदी स्वाभाविक आहे, आणि तीच नकळत इंग्रजीत उतरते. अमेरिकी सरकारच्या सुबोध लेखनाच्या मार्गदर्शिकेत अशा दडलेल्या क्रियांना ‘हिडन व्हर्ब्ज’ म्हटले आहे. त्या शोधायला सोपे आहे : मसुद्यात मेक, कंडक्ट, परफॉर्म, कॅरी आउट, टेक, गिव्ह यांखाली रेघ मारा आणि पुढच्या नामात क्रिया दडली असेल तर तिला क्रियापदाची जागा परत द्या. ‘टेक प्लेस’सारखे रूढ प्रयोग तसेच राहू द्या.

प्रश्न : नाम करताना वाक्यातले बाकीचे शब्द कसे बदलायचे?

उत्तर : ‘द कमिटी क्विकली रिजेक्टेड द प्रपोझल’ हे वाक्य घ्या. ‘रिजेक्टेड’चे ‘रिजेक्शन’ झाले की क्रियाविशेषण ‘क्विकली’चे विशेषण ‘क्विक’ होते, कर्ता षष्ठीत जातो आणि कर्मामागे ‘ऑफ’ येते : ‘द कमिटीज क्विक रिजेक्शन ऑफ द प्रपोझल’. इथे पूर्णविराम दिला तर चूक, कारण वाक्याला आता क्रियापदच नाही. पुढे ‘सरप्राइझ्ड द मेंबर्स’ असे काही हवे. लांबलचक नामसमूहानंतर हे क्रियापद विसरणे ही फार नेहमीची चूक आहे.

सगळ्यात जास्त गुण जातात ते प्रिपोझिशनमध्ये. क्रियापदाला ते लागत नसले तरी नामाला लागते, आणि प्रत्येक वेळी ‘ऑफ’ चालत नाही. ‘इन्व्हेस्टिगेशन’ला ‘इंटू’, ‘डिमांड’ला ‘फॉर’, ‘रिझेंब्लन्स’ला ‘टू’. किमतीतल्या वाढीला ‘इन्क्रीज इन प्राइसेस’. ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर आहे. ‘डिस्कस अबाउट’ मात्र चूक.

‘ऑफ’मुळे अर्थही दुहेरी होऊ शकतो. ‘द क्रिटिसिझम ऑफ द मिनिस्टर’ म्हणजे बहुधा मंत्र्यांवर झालेली टीका, पण मंत्र्यांनी केलेली टीका असाही अर्थ निघू शकतो. दुसरा अर्थ हवा असेल तर ‘बाय’ लिहा. कोणी काय केले हे महत्त्वाचे असलेल्या परिच्छेदात तर मी क्रियापदच ठेवायला सांगेन.

प्रश्न : एकाच क्रियापदाची दोन नामे असतील तर?

उत्तर : ती सहसा अदलाबदलीने चालत नाहीत. ‘रेफर’चे ‘रेफरन्स’ म्हणजे उल्लेख किंवा संदर्भ. रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणे ते ‘रेफरल’. ‘रिफ्यूज’चे नाम ‘रिफ्यूझल’. त्याच स्पेलिंगचे नाम ‘रेफ्यूज’ म्हणजे कचरा. ‘रिसर्च’ आणि ‘एव्हिडन्स’ यांना प्रबंधात अनेकवचनाचा ‘एस’ लावू नका. ‘प्रोनाउन्स’चे नाम लिहिताना दुसरा ‘ओ’ गळतो.

तोंडी परीक्षेसाठी एवढे पाहा : ‘इन्क्रीज’ आणि ‘रेकॉर्ड’ ही नामे असताना उच्चाराचा जोर शब्दाच्या पहिल्या खंडावर (सिलेबलवर) असतो, क्रियापदे असताना दुसऱ्यावर.