‘सायटोमेगाली’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: दगावलेल्या नवजात बाळाच्या शवविच्छेदनाचा अहवाल पालकांसाठी मराठीत आणायचा आहे. त्यातल्या ‘अ‍ॅड्रीनल सायटोमेगाली’साठी (अ‍ॅड्रीनल ग्रंथीतल्या पेशींचा आकार वाढणे) ‘अधिवृक्क ग्रंथीची असामान्य वृद्धी’ चालेल का?

‘अधिवृक्क’ चालेल. वृक्क म्हणजे मूत्रपिंड आणि अधि म्हणजे वर. मूळ लॅटिन शब्दात फक्त ‘मूत्रपिंडाजवळची’ एवढेच आहे. आपला शब्द जागा अधिक नेमकी सांगतो. पालकांसाठी कंसात ‘मूत्रपिंडावरची ग्रंथी’ असे जरूर लिहा.

पुढचे दोन्ही शब्द मात्र बदला. ‘वृद्धी’ने अर्थच सरकतो. प्लीहावृद्धी म्हटले की अख्खी प्लीहा वाढलेली असते. इथे ग्रंथी मोठी असेलच असे नाही. बाह्यकाचा, म्हणजे ग्रंथीच्या बाहेरच्या थराचा, जो भाग गर्भावस्थेत कामाचा असतो आणि जन्मानंतर काही महिन्यांत विरून जातो, त्यातल्या काही पेशी फुगलेल्या दिसतात. त्यांचे केंद्रक मोठे आणि गडद असते. बरे, ‘पेशीवृद्धी’ म्हणावे, तर पेशींची संख्या वाढली असे वाटते. ती निराळी गोष्ट, हायपरप्लेझिया. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ बेकविथ यांनी 1963 साली ज्या बाळांचे वर्णन केले (पुढच्याच वर्षी जर्मन बालरोगतज्ज्ञ वीडेमान यांनीही तसेच रुग्ण नोंदवले, म्हणून बेकविथ-वीडेमान सिंड्रोम), त्या निबंधाच्या मथळ्यातच सायटोमेगाली आणि हायपरप्लेझिया हे दोन्ही शब्द आहेत. दोन्हींना ‘वृद्धी’ म्हटले तर मराठी वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

‘असामान्य’बद्दल माझा आक्षेप जास्त कडक आहे. मराठीत बुद्धिमत्ता असामान्य असते, धैर्य असामान्य असते. हिंदी परिभाषेतून हा शब्द आपल्या अहवालांत शिरला, तरी कानाला तो कौतुकाचाच वाटतो. ‘विकृत’ तर नकोच. या पेशी बहुधा निरुपद्रवी असतात, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सहज सापडतात, आणि त्या दिसल्या म्हणजे कर्करोग असे नव्हे. ‘विकृत पेशी’ वाचून आईबाप काय समजतील? ‘महाकाय पेशी’ हा मोहही टाळा, कारण अनेक केंद्रके असलेल्या वेगळ्याच पेशींना तो शब्द जातो.

एकाच शब्दाचा आग्रह असेल तर ‘पेशीबृहत्ता’ घ्या. मी स्वतः मात्र असे लिहीन: ‘अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातील काही पेशी नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आढळल्या.’ लांब आहे, पण खरे आहे.

आणखी एक. सायटोमेगालोव्हायरसशी याचा संबंध नाही. त्या विषाणूमुळेही पेशी फुगतात म्हणून त्याला ते नाव पडले, इतकेच. अहवालात विषाणूचा उल्लेख नसेल तर भाषांतरात ‘संसर्ग’ हा शब्द येऊ देऊ नका.