घाटातला कणीसचोर आणि कोवॅक्सिन

प्रश्न : परवा कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात माकडानं पोरीच्या हातातलं कणीस पळवलं. ती म्हणते, पप्पा, कोवॅक्सिन याच माकडांवर टेस्ट केलेली ना? खरंय का हे? आणि उंदरावर भागत नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर : कणीस गेलं ते गेलं, पण तुमचा चोर वेगळा. आपल्या घाटातलं लाल तोंडाचं ते टोपीमाकड. शेपूट बघा, अंगाएवढी लांब, आणि डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. लसवालं ते रीसस, मूळचं उत्तरेकडचं, शेपूट आखूड आणि डोक्यावर टोपी नाही. (काळ्या तोंडाचं ते वानर, ते तर दोन्हीतलं नाही.)

टेस्ट मात्र खरी, आणि झाली शेजारी पुण्यातच, एनआयव्हीत म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, २०२० साली. २० रीसस, पाच-पाचचे चार गट, एका गटाला लसच नाही, बाकी तीन गटांना लसीचा एकेक वेगळा प्रकार, चौदा दिवसांनी दुसरा डोस आणि आणखी चौदा दिवसांनी सगळ्यांना जिवंत विषाणू दिला. बिनलसीच्या माकडांना न्यूमोनिया झाला, लसवाल्यांच्या फुप्फुसात तो दिसला नाही. आता २० जनावरांवरून माणसात किती टक्के चालेल हे काही कळत नाही, म्हणून पुढं २५,८०० माणसांवर ट्रायल घ्यावी लागली.

उंदराचं म्हणाल तर गंमत आहे. पेशीत शिरायला कोरोनाला एसीई२ नावाचं एक कुलूप लागतं, साध्या उंदराचं कुलूप इतकं वेगळं की सुरुवातीच्या कोरोनाची किल्ली त्यात नीट बसायचीच नाही, मग जो आजार होतच नाही त्यावरची लस तपासणार कशी? रीससचं कुलूप बरंचसं आपल्यासारखं. जनुकांचा मजकूर साधारण ९३ टक्के जुळतो, हे २००७ साली कळलं.

पण म्हणून रीसस म्हणजे छोटा माणूस असं समजू नका हं. एचआयव्ही त्याला होतच नाही, त्याच्या पेशीतलं ट्रिम५ नावाचं प्रथिन विषाणू आत आल्या आल्या त्याचा निकाल लावतं, हे २००४ मध्ये सापडलं. म्हणून एड्सचा अभ्यास करताना त्याला माकडांतलाच भाऊबंद विषाणू, एसआयव्ही, द्यावा लागतो.