दोन स्वल्पविरामांमधली रिकामी जागा

प्रश्न : ग्रामपंचायतीत डेटा एंट्री करतो. पत्ते असे आहेत : ‘मु. बोरी अरब,, , ता. दारव्हा,,,जि. यवतमाळ,’. ‘शोधा आणि बदला’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा चिन्हांत लिहिलेला नमुना) वापरून `[ ,]+` शोधलं आणि त्या जागी स्वल्पविराम टाकला, तर गावाचंच नाव तुटून ‘बोरी,अरब’ झालं. काहून?

उत्तर : भाऊ, चौकटी कंस म्हणजे ‘यातलं कोणतंही’. बोरी आणि अरबच्या मधली साधी जागाही त्याला चालली. निदान एक स्वल्पविराम हवाच, अशी अट घाला : `( *,)+ *`. आधी असेल तेवढी मोकळी जागा, मग स्वल्पविराम, हे एकदा किंवा कितीदाही. मागे उरलेली जागा त्यातच. बदली एक स्वल्पविराम आणि एक जागा. टोकाला राहिलेले `^, |, $` शोधून, बदलीचा रकाना रिकामा ठेवून पुसा. यात `^` म्हणजे ओळीची सुरुवात, `$` म्हणजे शेवट, `|` म्हणजे ‘किंवा’.

प्रश्न : संत्रा उत्पादकांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) यादी अशीच साफ केली. आता गट नंबरच्या रकान्यात मोबाईल नंबर दिसतात.

उत्तर : ताई, ही चूक मीही केली आहे. एका जिनिंगची कापसाची यादी होती. जोडस्वल्पविराम दिसले, हात शिवशिवले, सगळे एक करून टाकले. ज्यांच्या ओलाव्याचा रकाना कोरा होता, त्यांचा भाव सरकून ओलाव्याच्या घरात बसला. कापूस मोजून झालेला शेतकरी काट्यापाशी उभा, आणि पडद्यावर ओलावा सात हजार!

सीएसव्हीत `,,` हा कचरा नसतो. ‘इथे रकाना आहे, माहिती नाही’ असं तो सांगतो. बोरीच्या पत्त्यात तोच स्वल्पविराम निव्वळ बोट घसरल्याने पडलेला असतो. चिन्ह एकच, काम वेगळं, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनला हा फरक कळत नाही. म्हणून फाईल आधी लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये रकाने पाडून उघडा, मग फक्त पत्त्याचा रकाना निवडून ‘शोधा आणि बदला’ चालवा. मूळ फाईलची प्रत ठेवली असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. नसेल, तर कागदी यादी काढून बसावं लागेल. सरकलेले रकाने पॅटर्नने परत येत नाहीत.

प्रश्न : ‘१२..५ क्विंटल’ सुधारायला `.+` शोधून बदलीत टिंब दिलं. अख्खी ओळ जाऊन एक टिंब उरलं.

उत्तर : नुसतं टिंब म्हणजे ‘कोणतंही अक्षर’. `[.]+` लिहा.

प्रश्न : `,+` ऐवजी `,*` चालेल का?

उत्तर : नाही. अधिक चिन्हाला निदान एक लागतो, ताऱ्याला शून्यही पुरतो. हा तारा गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांच्या नावाने ओळखला जातो. १९५१ साली मज्जापेशींच्या जाळ्यांचं गणित मांडताना त्यांनी ही कल्पना आणली. शून्य स्वल्पविराम तर प्रत्येक अक्षराच्या आधी सापडतात, आणि आपल्या देवनागरीत काना-मात्राही संगणकाला वेगळं अक्षर. ‘कापूस’ वर चालवलं, तर बऱ्याच एडिटरांत क एकीकडे आणि त्याचा काना दुसरीकडे.