पानात साठलेलं प्लास्टिक

प्रश्न : मॅडम, जनुकं बदलून पिकांच्या पानांतच विघटनशील प्लास्टिक तयार करता येतं असं वाचलं. ते जर कुजणारं असेल, तर झाडाच्या आतच का कुजत नाही? आणि जमत असेल, तर अशी शेती अजून सर्रास का होत नाही?
— विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नात दुसऱ्याचं अर्धं उत्तर दडलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तू वाचलंस ते प्लास्टिक बहुधा पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे पीएचबी. ते निसर्गातलंच आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमवान यांना 1926 साली ते एका जीवाणूत सापडलं. भोवती साखर मुबलक, पण नत्रासारखं एखादं पोषकद्रव्य तुटपुंजं, अशा वेळी काही जीवाणू जास्तीचं अन्न पीएचबीच्या कणांच्या रूपात साठवतात आणि अडीनडीला तेच मोडून खातात. मोडायला लागणारं एन्झाइम त्यांच्यापाशी असतं, मातीतल्या इतर कितीतरी जीवाणूंपाशी आणि बुरशींपाशीही असतं. म्हणून ते मातीत कुजतं. झाडापाशी मात्र हे एन्झाइम नाही. जीवाणूसाठी पीएचबी ही बँकेतली ठेव. झाडाच्या खात्यात पैसे नुसते भरले जातात, काढता कधीच येत नाहीत.

याची किंमत झाड कशी मोजतं, ते अगदी पहिल्या प्रयोगातच दिसलं. 1992 साली इव्ह प्वारिए, ख्रिस सॉमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात जीवाणूची जनुकं घातली. जीवाणू हे काम तीन एन्झाइमांकडून करून घेतो. पहिल्या पायरीचं एन्झाइम रोपाच्या पेशीद्रवात आधीच असल्यामुळे दोनच जनुकं लागली. ती वेगवेगळ्या रोपांत घालून त्यांचा संकर केला आणि संकरित रोपांत पीएचबीचे कण आले. पण अगदी थोडे, आणि रोपं खुरटली.

असे कण मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत. पान आधी अल्कोहोलमध्ये ठेवून त्यातलं हरितद्रव्य काढून टाकायचं, नाहीतर त्याच्याच लाल चकाकीत बाकी सगळं हरवतं. मग नाइल ब्लू हा रंग द्यायचा आणि योग्य प्रकाश सोडायचा. फिकट, जवळजवळ पारदर्शक झालेल्या पेशींत नारिंगी ठिपके उजळतात. एकेक ठिपका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. झाडाने कधीच बनवला नसता असा पदार्थ त्याच्या पेशीत पाहताना माझा श्वास अडकला होता. आजही विद्यार्थ्यांना दाखवताना तसंच होतं.

खरी कलाटणी 1994 साली मिळाली, आणि या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच. त्याच गटाने जागा बदलली. पीएचबीचा कच्चा माल असतो असेटिल-कोएन्झाइम ए. हरितलवकात, म्हणजे क्लोरोप्लास्टमध्ये, मेदाम्लं बनवण्यासाठी त्याचा मोठा ओघ चालू असतो. तिन्ही एन्झाइमांना हरितलवकाचा पत्ता जोडून तिकडे पाठवलं. पीएचबी कोरड्या वजनाच्या 14 टक्क्यांपर्यंत गेलं आणि वाढीवर डोळ्यांना जाणवेल असा परिणाम झाला नाही! आधीच्या दोन जनुकांच्या जोडीला पहिल्या पायरीचंही जनुक घातलं, पण खरा बदल पेशीतल्या खोलीचा. पुढे 2000 साली दुसऱ्या एका गटाने हेच प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवर नेलं, तेव्हा मात्र रोपं पुन्हा खुरटली आणि त्यांची बीज धरण्याची क्षमता घटली. अ‍ॅरॅबिडॉप्सिसचे हे आकडे मोठ्या पिकांत सहजी येत नाहीत. ऊस आणि स्विचग्रास या गवतावर मेहनत झाली, पण प्रमाण काही थोड्या टक्क्यांवरच रेंगाळलं.

समज, प्रमाण वाढलं. तरी ते पानातून काढायचं कसं? प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्म वापरतात. टनावारी पाल्यासाठी तो वापरणं मला मान्य नाही. पाला वाळवायचा, दळायचा, द्रावकात विरघळवायचा, मग द्रावक परत मिळवायचा. या प्रत्येक पायरीला ऊर्जा लागते. जैव-अभियंते टिलमन गर्नग्रॉस यांनी हाच हिशेब मांडून बजावलं होतं की ही ऊर्जा कोळसा-तेलातून आली, तर नेहमीच्या प्लास्टिकपेक्षाही जास्त इंधन जळू शकतं. उरलेला चोथा जाळून ऊर्जा मिळवली तर गणित सुधारतं. तोवर कारखान्यातल्या टाक्यांत जीवाणूंना साखर किंवा वनस्पती तेल खाऊ घालून पीएचए गटातली (पीएचबी ज्यात मोडतं, त्याच कुळातली) प्लास्टिकं काढणं सोपं पडतं, आणि आज बाजारात येतात ती तशीच.

मला विचारशील तर हे काम सोडून देऊ नये. मात्र ते खाण्याच्या पिकात करू नये, या मतावर मी ठाम आहे. परागकणांतून जनुकं शेजारच्या शेतात जाऊ शकतात. जनुकं थेट हरितलवकाच्या डीएनएत बसवली तर हा धोका बराच कमी होतो, कारण बहुतेक पिकांत हरितलवकं परागातून नव्हे, मादीकडून पुढे जातात. तंबाखूत असे प्रयोग झालेत. पुढे संशोधन करायचं मनात असेल तर तिथे लक्ष घाल.

प्रश्न : मक्यापासून किंवा उसापासून बनवलेल्या पिशव्या, पेले म्हणजे हेच का?
— एक वाचक

उत्तर : नाही. तिथे पीक साधंच असतं, प्लास्टिक कारखान्यात तयार होतं. मक्याच्या स्टार्चपासून साखर, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल, आणि त्याची साखळी जोडून पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लास्टिक. ते कुजतं, पण त्यासाठी साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास तापणारा औद्योगिक कंपोस्ट लागतो. घरच्या खतखड्यात ते दीर्घकाळ तसंच पडून राहतं. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिनही बनतं. ते रेणूने अगदी पेट्रोलियमच्या पॉलिथिनसारखंच असतं, त्यामुळे अजिबात कुजत नाही. विघटन साखळीच्या रचनेवर ठरतं, ती कशापासून बनवली यावर नाही. तेव्हा वेष्टनावर ‘वनस्पतीजन्य’ एवढंच लिहिलं असेल, तर ती पिशवी ओल्या कचऱ्यात टाकू नका.