मांजरीचा पाय मोडलाय, शहरात बारा हजार सांगतात. परवडत नसेल तर काय करावं?

तुम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहिताय. मांजरीला मोटारसायकलचा धक्का लागला, मागचा पाय लोंबतोय, खाजगी दवाखान्यात ऑपरेशनचे बारा हजार सांगितले, आणि घरचे म्हणतात सोडून द्या. त्या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहितेय. सोडून देऊ नका.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात आहे, जाम चौकापासून आत. 2023 च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सोयाबीन निघालं होतं, छपरीत कट्ट्यांची थप्पी लावली होती. आमची मांजर कबरी थप्पीच्या कडेला झोपायची. एका रात्री वरचा कट्टा घसरला. 60 किलोचा कट्टा, खाली मांजर. आम्ही ओढून काढली तेव्हा पुढच्या पायांवर सरकत होती आणि मागचा भाग फरफटत होता. ओरडतही नव्हती, नुसती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, अंगणात होते. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत, ह्यांना म्हणाले, "मांजरीले कोनी दवाखान्यात नेते का बाप्पा? पोत्यात घाल अन् नाल्याच्या पल्याड सोडून दे. दुसरी भेटन." त्याच पावसाळ्यात त्यांच्या बकरीचं पोट फुगलं तेव्हा रात्री गाडी करून हिंगणघाटला नेली होती. मी काही बोलले नाही, पण ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

जाऊबाईंनी मायेनं अर्धी पॅरासिटामॉलची गोळी आणली. दुधात कुस्करून देणारच होतो, तेवढ्यात ह्यांनी आमच्या भागातल्या पशुधन पर्यवेक्षकांना फोन लावला. ते फोनवरच ओरडले की गोळी देऊ नका, मांजर मरेल. तुम्हीही हे आत्ताच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, रक्तच खराब होतं. माणसाची कुठलीही दुखण्याची गोळी नको. ढोरांचं उरलेलं दुखण्याचं इंजेक्शन, मेलॉक्सिकॅम, तेसुद्धा अंदाजानं टोचू नका. जखमेवर डेटॉल किंवा फिनाईल नको, ती चाटते. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी पुरतं.

सकाळी सरकारी दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन मिळालं. एक्स-रे तिथं नव्हता. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात विचारलं तर कंबरेत प्लेट टाकावी लागेल म्हणून चौदा हजार सांगितले. आमच्याकडे सोयाबीन विकायचं होतं, कापूस नुकताच फुटत होता, हातात पैसा नव्हता. माझ्याजवळ चार दिवसांच्या वेचाईचे 1,400 रुपये होते. किलोला दहा रुपयांनी दुसऱ्याच्या वावरात वेचलेल्या कापसाचे, माझे स्वतःचे. ते घेऊन निघाले.

टमाट्याची दोन कॅरेट एकावर एक ठेवून सुतळीनं बांधली, आत जुनं लुगडं अंथरलं आणि जामवरून एसटी धरली. बाईला अर्धं तिकीट आहे, ते वाचतं. नागपूरला सेमिनरी हिल्सवर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 पासूनचं. तिथं शिकणारी मुलं आणि त्यांचे प्राध्यापक जनावरं तपासतात, त्यामुळं वेळ लागतो. मी दुपारपर्यंत बाकावर बसून होते. पण एक्स-रे निघाला आणि डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून मला समजावला. कंबरेचं हाड एका बाजूनं मोडलंय, सांधा जागेवर आहे, पाय चिमटला तर ओढते, लघवी होतेय. प्लेट नको, पिंजरा पाहिजे. सहा आठवडे उडी नाही, चढणं नाही.

कोंबड्यांचा जाळीचा खुराडा धुऊन छपरीत ठेवला. एका कोपऱ्यात पसरट घमेल्यात वाळू, दुसरीकडे पोतं. पहिले दोन दिवस तिनं तोंडात काही घेतलं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृत बिघडतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून उकडलेलं अंडं बोटावर घेऊन चाटवत बसले. तिसऱ्या आठवड्यात उभी राहिली. आता चालते, थोडी तिरपी.

परत दाखवायला नेलं ते धरून सगळा खर्च 1,310 रुपये. आणि कबरी खुराड्यात होती त्या सहा आठवड्यांत उंदरांनी सोयाबीनचे तीन कट्टे फोडले. पाखडून पाहिलं तर 30 किलो माल गेला. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला 4,600 होता, म्हणजे 1,380 रुपये. मी हा हिशेब वहीत लिहून ह्यांच्या हाती भासऱ्यांकडे पाठवला. मांजर फुकट खाते असं आमच्या घरात आता कोणी म्हणत नाही. पण खरं सांगू, असा हिशेब मांडावा लागला याचंच मला वाईट वाटतं. बकरी विकता येते म्हणून तिचं दुखणं खरं आणि मांजरीचं खोटं, हे मला पटत नाही.

तुमचं सांगायचं तर, दारव्ह्याहून कारंजा-मूर्तिजापूर करत अकोला जवळ पडेल. तिथंही सरकारी पशुवैद्यकीय संस्था आहे. सकाळी लवकर पोचा. पैशाआधी एक प्रश्न विचारा: ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? पाय वाचणारच नसेल तर कापणं हा प्लेटपेक्षा स्वस्त उपाय असतो, आणि तीन पायांवर मांजर छान जगते, ऐकायला कितीही कठोर वाटलं तरी. खाजगी डॉक्टरांनाही हाच प्रश्न विचारा, हप्त्यानं द्यायचीही विनंती करा. लाजू नका.

माझ्या मांजरीचं कंबरेचं हाड होतं, तुमच्या मांजरीचा पाय आहे. मांडीचं हाड मोडलं असेल तर नुसत्या खुराड्यानं भागेलच असं नाही, त्यामुळं बारा हजार सांगणारा डॉक्टर चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. तोंड उघडून श्वास घेत असेल, किंवा दिवसभर लघवी झाली नसेल, तर अकोल्याचीही वाट बघू नका, जवळ जो डॉक्टर असेल त्याला गाठा. उचलताना चावली तर जखम साबणानं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची सुई घ्या.

आणि मादी असेल, कंबरही मोडली असेल, तर बरी झाल्यावर नसबंदी करून घ्या. हाड जुळताना आतली वाट अरुंद होऊ शकते, मग पिल्लू अडकतं. कबरीची मी फेब्रुवारीत केली. ते पैसे भासऱ्यांनी दिले.