थांबणाऱ्यांच्या जिवावर जगलेली गावे

प्रश्न : आम्ही पती-पत्नी येत्या हिवाळ्यात अमेरिकेतील मोहावी वाळवंटातून, बारस्टो ते सेलिग्मन असा, जुन्या 'रूट ६६' या महामार्गाने मोटारीने प्रवास करू इच्छितो. वाटेतील गावे ओस पडली असून तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही, असे परिचित सांगतात. तरीही जावे काय?

उत्तर : अवश्य जावे. मात्र ही गावे मुळात का वसली, हे ठाऊक असले तरच त्यांचे ओस पडणे डोळ्यांना दिसते. १८८३ मध्ये येथून रेल्वे गेली, तेव्हा वाफेच्या इंजिनांसाठी ठरावीक अंतरावर थांबे करावे लागले आणि त्यांना अॅम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी अशी इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावे मिळाली. १९२६ मध्ये रूट ६६ सुरू झाल्यावर इंजिनांची जागा मोटारींनी घेतली : तापलेल्या रेडिएटरला पाणी, फुटलेल्या टायरला ठिगळ, माणसांना जेवण आणि रात्रीपुरती खाट, एवढ्यावर अख्खी गावे जगली. इंटरस्टेट ४० हा नवा मार्ग अॅम्बॉयला टाळून १९७३ मध्ये आणि सेलिग्मनला टाळून १९७८ मध्ये गेला, तेव्हा थांबणारेच संपले. १९८५ मध्ये रूट ६६ चे नावही महामार्गांच्या अधिकृत यादीतून काढण्यात आले. जमीन नापीक झाली म्हणून किंवा रोगराई आली म्हणून नव्हे, तर केवळ वाहने दुसऱ्या वाटेने जाऊ लागली म्हणून गावे मोडली, हे मला फार चटका लावणारे वाटते.

अॅम्बॉयला किमान दोन तास द्यावेत. 'रॉइज' या मोटेलची १९५९ मधील उंच पाटी तेथे आहे आणि तिचे निऑन दिवे २०१९ मध्ये पुन्हा पेटले. रस्त्याकडेच्या मातीच्या बांधावर येणाऱ्याजाणाऱ्यांनी दगडगोटे मांडून आपापली नावे लिहिली आहेत. काही अक्षरे शाबूत आहेत, काहींतले दगड घसरून नाव अर्धेच उरले आहे. मोटार बाजूला लावून तेथे थोडे पायी चालावे. जवळच्या बॅगडॅडमध्ये १९१२ ते १९१४ या काळात सलग ७६७ दिवस पाऊस पडला नव्हता. आज तेथे एकही घर उभे नाही.

ओटमन हे सोन्याच्या खाणींचे गाव असून खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज आजही त्याच्या रस्त्यावर फिरतात आणि मोटारीच्या खिडकीपाशी तोंड आणतात. तेथून किंगमनकडे जाणारा घाट अरुंद आणि वळणावळणांचा आहे, तो दिवसाउजेडीच चढावा. सेलिग्मन मात्र सावरले. एंजेल डेलगाडिलो या केशकर्तनकाराने १९८७ मध्ये गावकऱ्यांना एकत्र करून हा रस्ता ऐतिहासिक म्हणून जाहीर व्हावा यासाठी प्रयत्न केले आणि प्रवासी परतले.

अॅम्बॉयच्या पूर्वेकडे पुरांच्या लोंढ्यांनी जुने लाकडी पूल खचल्यामुळे काही टप्पे वर्षानुवर्षे बंद राहिले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी सॅन बर्नार्डिनो काउंटीची, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनाची, ताजी सूचना पाहावी. पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून छापील नकाशा आणि भरपूर पाणी जवळ असावे. मुक्काम वाटेतील नीडल्स किंवा किंगमन या गावी करावा. अॅम्बॉयचे पेट्रोल महाग असते. तरीही टाकीत थोडी जागा ठेवून ते तेथेच भरावे, कारण त्या गावाला आजही थांबणाऱ्यांचाच आधार आहे.